यंत्राच्या पोटांतलें यंत्र आणि त्याचें टपाल

कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तळोज्याचे कारखाने यांच्या शेजारीं सिडकोनें वसविलेली रोडपाली ही वसाहत आतां उंच इमारतींची झाली आहे. तेथील एखाद्या बिऱ्हाडांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर कोणी विजेचें बिल भरतो, कोणी मुलाच्या परीक्षेचा निकाल पाहतो, कोणी परदेशीं नांदत असलेल्या मुलीची ख्यालीखुशाली विचारतो. यांतील प्रत्येक मागणी तारांतून ज्या संगणकाकडे जाते तो संगणक असतो तरी कोठें, असा प्रश्न कोणी केला तर एखाद्या डेटा सेंटरचें नांव सांगतां येतें. असें एक भलें मोठें केंद्र तर पनवेलच्याच परिसरांत, हिरानंदानी फॉर्च्युन सिटींत, योट्टा कंपनीनें २०२० च्या जुलैमध्यें सुरू केलें. परंतु त्या केंद्रांतील नेमका कोणता संगणक, असें पुढें विचारलें म्हणजे उत्तर चमत्कारिक येतें. बहुतेक वेळां तो संगणक धातूचा नसतोच. एका धातूच्या संगणकाच्या पोटांत दहा-वीस काल्पनिक संगणक एकाच वेळीं नांदत असतात, आणि बिल भरून घेणारा त्यांतलाच एक असतो.

चाळींतील खोल्यांची उपमा येथें सहज सुचते. पण ती अपुरी आहे. चाळींतल्या भाडेकरूला आपण चाळींत राहतों हें ठाऊक असतें. या यंत्रांतील भाडेकरूची मूळ कल्पना अशी होती, कीं त्याला तें कळूंच नये. आपण स्वतंत्र बंगल्याचे धनी आहोंत, दार आपलें, विहीर आपली, अशा समजुतींत त्यानें राहावें, आणि घरमालकानें ती समजूत कोठेंही मोडूं न देतां सर्वांना एकाच विहिरीचें पाणी पुरवावें. अशा काल्पनिक यंत्राला आभासी यंत्र म्हणतात. जो त्याला पोटांत घेतो तो यजमान आणि जो राहतो तो पाहुणा. या पाहुण्याला भ्रमांत ठेवावें कीं खरें सांगून टाकावें, हा वाद गेल्या साठ वर्षांत पुनःपुन्हां उठला आहे. त्याचा निवाडा झाला तो मोठ्या तत्त्वाच्या प्रश्नावर नव्हे, तर टपालाच्या हिशेबावर. पाहुण्याचीं पत्रें घराबाहेर जातात कशीं आणि घरांत येतात कशीं, एवढीच ती गोष्ट आहे.

या कल्पनेचा जन्म अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांतल्या केंब्रिज येथें झाला. तेथें आयबीएम कंपनीचें एक शास्त्रीय केंद्र होतें. रॉबर्ट क्रीझी व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालीं तेथें एक प्रयोग आरंभिला. एक संगणक म्हणजे त्या काळीं लाखो डॉलरांची वस्तु. ती एका वेळीं एकाच माणसाच्या स्वाधीन करणें म्हणजे आगगाडीचा अख्खा डबा एका उतारूला देण्यासारखें होतें. सिस्टिम ३६० मालिकेंतील मॉडेल ४० हें यंत्र त्यांनीं मुद्दाम फेरफार करून घेतलें आणि त्यावर सीपी-४० नांवाची व्यवस्था उभारली. १९६७ च्या जानेवारींत ती चालू झाली. त्या एका यंत्रांत एका वेळीं चौदा आभासी यंत्रें नांदूं शकत होतीं. पुढें सीपी-६७ आली, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्यें आयबीएमनें व्हीएम/३७० ही व्यवस्था बाजारांत जाहीर केली.

या केंब्रिजच्या प्रकरणांतील एक बारकावा इतिहासाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे, आणि तो बहुधा सांगावयाचा राहून जातो. आभासी यंत्रांत जी छोटी कार्यप्रणाली चालत असे तिचें नांव सीएमएस. प्रारंभीं ती खऱ्या, उघड्या यंत्रावरही चालत असे. तिला यजमानाची गरज नव्हती. परंतु यजमानाशीं थेट बोलण्यासाठीं ‘डायग्नोज’ नांवाच्या एका आज्ञेचा उपयोग होऊं लागला. ही आज्ञा मुळांत यंत्राच्या दुरुस्तीसाठीं ठेवलेली. पण पाहुण्यानें ती उच्चारली कीं यजमानानें तिचा अर्थ ‘अमुक काम तूंच करून दे’ असा घ्यावा, असा संकेत ठरला. तबकडीवरील मजकूर वाचावयाचा तर खऱ्या उपकरणाच्या सगळ्या हालचालींची नक्कल करण्याचें कारण उरलें नाहीं. एका निरोपांत काम होऊं लागलें. व्हीएम/३७० च्या वेळेपर्यंत सीएमएसला हा संकेत इतका अंगवळणीं पडला, कीं उघड्या यंत्रावर ती चालेनाशी झाली. म्हणजे पाहुण्याला भ्रमांत ठेवण्याची कला आणि पाहुण्याला विश्वासांत घेण्याची कला या दोन्ही एकाच घरीं, काहीं वर्षांच्याच अंतरानें जन्मल्या. दुसरीला नांव मिळण्यास मात्र आणखी तीस वर्षें लागलीं.

आपल्या देशांत या विद्येचा फारसा प्रसार तेव्हां झाला नाहीं. आयबीएम कंपनीनें १९७८ मध्यें भारतांतील आपला कारभार आवरला, हें एक कारण. आणि दुसरें असें, कीं लवकरच जगभर लहान, स्वस्त संगणकांचें युग आलें. प्रत्येकाच्या टेबलावर यंत्र आल्यावर एका यंत्राचे तुकडे कोण करील? जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनीं १९७४ सालीं, यंत्राची रचना कोणत्या अटी पाळील तर त्याच्या पोटांत निर्दोष आभासी यंत्र बसवितां येईल, हें गणिती काटेकोरपणानें मांडून ठेविलें होतें. तो निबंध कपाटांत राहिला. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांनीं पुढें जग व्यापलें, ते या अटींत बसत नव्हते. पेंटियमच्या आज्ञांपैकीं सतरा आज्ञा या कसोटीला उतरत नाहींत, अशी मोजदाद २००० सालीं रॉबिन आणि अर्व्हाइन यांनीं प्रसिद्ध केली. या आज्ञा पाहुण्यानें उच्चारल्या तर यजमानाला पत्ताच लागत नसे. मालकाच्या अपरोक्ष भाडेकरूनें मुख्य दाराचें कुलूप बदलावें, तसा प्रकार.

तरीही वाट निघाली. स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९९७ सालीं बुन्यों, डिव्हाइन आणि रोझेनब्लम यांनीं ‘डिस्को’ हा प्रकल्प प्रसिद्ध केला. त्याच मंडळींतून १९९८ मध्यें व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि १९९९ मध्यें तिचें वर्कस्टेशन विक्रीस आलें. पाहुण्याच्या आज्ञा चालतां चालतांच भाषांतरित करावयाच्या, अडचणीच्या आज्ञांच्या जागीं निरुपद्रवी आज्ञा घालावयाच्या, अशी ती युक्ति होती. पाहुण्याला यांतलें कांहींही कळत नसे. विंडोजसारखी प्रणाली, जिच्या पोटांतील मजकूर कोणास पाहतांही येत नसे, ती कसलाही फेरफार न करतां आभासी यंत्रांत चालूं लागली. व्यापाराच्या दृष्टीनें हा मोठाच विजय होता.

आतां टपालाकडे वळावयास हरकत नाहीं. संगणकाला बाहेरच्या जगाशीं बोलण्यासाठीं नेटवर्क कार्ड लागतें. आभासी यंत्राला खरें कार्ड कोठून द्यावें? म्हणून यजमानानें एक बहुरूपी उभा केला. खेडोपाडीं बहुरूपी कधीं फौजदार होऊन येतो, कधीं तलाठी होऊन दप्तर मागतो. पोशाख, बोलण्याची ढब, दटावणी, सारें हुबेहूब. तसेंच हें आभासी कार्ड बाजारांतील एखाद्या प्रसिद्ध कार्डाचें सोंग घेऊन उभें राहतें. व्हीएमवेअरनें एएमडी कंपनीच्या लान्स जातीच्या कार्डाचें सोंग निवडलें. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरनें २००३ पासून सिद्ध केलेल्या क्यूएमू या साधनांत एनई२०००, रिअलटेकचें ८१३९, आणि पुढें इंटेलचें ई१००० अशीं अनेक सोंगें आलीं. या सोंगाचा लाभ उघड आहे. जुन्या प्रणालीजवळ या कार्डांचे ड्रायव्हर आधींपासून असतातच. पाहुणा आपल्या सवयीनें कार्डाशीं बोलूं लागतो, आणि समोर कार्ड नसून यजमानाचा बहुरूपी आहे याची त्याला शंकाही येत नाहीं.

परंतु सोंग आणतां येतें, त्याचा खर्च टळत नाहीं. खऱ्या कार्डाशीं बोलण्याची रीत अशी, कीं ड्रायव्हर पत्र स्मृतींत ठेवतो, मग कार्डाच्या रजिस्टरांत एक आंकडा लिहितो, कधीं दुसऱ्या रजिस्टरांतून एक आंकडा वाचतो, आणि पत्र गेल्यावर कार्ड घंटी वाजवितें तेव्हां घंटी कां वाजली हें पुन्हां एका रजिस्टरांतून विचारतो. खऱ्या कार्डावर या साऱ्या गोष्टी चुटकीसरशीं होतात. बहुरूप्याच्या बाबतींत मात्र प्रत्येक लिहिण्याला आणि वाचण्याला पाहुण्याचें काम थांबतें. प्रोसेसर पाहुण्याचा सगळा पसारा गुंडाळून ठेवतो, यजमान जागा होतो, पाहुण्यानें कोणत्या रजिस्टराला हात लावला तें शोधून काढतो, खरें कार्ड काय करतें त्याची नक्कल करतो, आणि मग पाहुण्याचा पसारा पुन्हां मांडून त्याला पुढें चालूं देतो.

या ठिकाणीं पनवेलच्या आसपासच्या माणसाला बोरघाटाची आठवण व्हावी. १८५६ मध्यें मुंबईहून आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्यें खंडाळा ते पुणें हा मार्ग सुरू झाला, पण मधला घाट १८६३ पर्यंत मोकळा झाला नव्हता. त्या पांच वर्षांत दोन्ही बाजूंस गाडी असूनही उतारूंना खालीं उतरावें लागे. कोणी पालखींतून, कोणी तट्टावरून घाट चढे, आणि वर पुन्हां गाडी. प्रवासाचा वेळ आगगाडीच्या वेगावर नव्हे, तर या चढ-उतारावर खर्ची पडे. आभासी यंत्राच्या टपालाचेंही तसेंच झालें. तार वेगवान, प्रोसेसर वेगवान. पण प्रत्येक पत्रामागें दोन-तीन वेळां घाट चढावा लागे.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या तारेवरून पंधराशें बाइटांचीं पूर्ण आकाराचीं पाकिटें पाठविलीं तर सेकंदाला सुमारें ८१ हजार पाकिटें जातात. प्रत्येकामागें यजमानाकडे तीन खेपा आणि प्रत्येक खेपेला प्रोसेसरचीं चार हजार चक्रें खर्च होतात असें धरूं. इंटेलच्या या कामासाठीं बनविलेल्या पहिल्या प्रोसेसरांवर खर्च हजारांच्याच घरांत होता. ८१ हजार गुणिले तीन गुणिले चार हजार, म्हणजे सत्त्याण्णव कोटी वीस लक्ष चक्रें दर सेकंदाला केवळ दार उघडण्या-लावण्यांत जावयाचीं. २.४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या चक्रांचा हा चाळीस टक्के भाग झाला, आणि पत्रांतील मजकुराला अजून कोणीं हातही लावलेला नाहीं. पाकिटें लहान असलीं तर स्थिति याहून बिकट. सर्वांत लहान आकाराचीं पाकिटें त्याच तारेवर सेकंदाला चौदा लाख अठ्ठ्याऐंशी हजार मावतात.

व्हीएमवेअरच्याच जेरेमी शुगरमन, गणेश वेंकिटाचलम आणि बेंग-हाँग लिम यांनीं २००१ सालीं आपल्या घरचा हा हिशेब मोठ्या प्रामाणिकपणें प्रसिद्ध केला. ७३३ मेगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीवर खरा संगणक शंभर मेगाबिटांची तार सहज भरून काढी. आभासी यंत्राचा मात्र प्रोसेसरच आधीं थकून जाई. त्यांनीं तीन उपाय केले. ज्या रजिस्टराला हात लावल्यानें प्रत्यक्षांत कांहींच घडत नाहीं त्याची नक्कल दारांतच उरकून टाकली. अनेक पत्रें साठवून एकदम पाठविलीं. आणि यजमानाच्या निरोपासाठीं सामायिक स्मृतीचा उपयोग केला. एवढ्यानें शंभर मेगाबिटांची तार भरली. त्याच लेखांत त्यांनीं पुढची दिशाही सांगून ठेविली होती, ती अशी, कीं कोणत्याही खऱ्या कार्डाचें सोंग न घेतां केवळ आभासी यंत्रासाठींच एखादें सोईस्कर कार्ड कल्पावें. कंपनीनें पुढें ‘व्हीएमएक्सनेट’ या नांवानें तेंच केलें.

दरम्यान विद्यापीठांतून दुसराच विचार पुढें येत होता. वॉशिंग्टन विद्यापीठांतील अँड्र्यू व्हिटेकर, मेरियन शॉ आणि स्टीव्हन ग्रिबल यांनीं २००२ मध्यें ‘डेनाली’ ही व्यवस्था मांडली आणि पॅराव्हर्च्युअलायझेशन हा शब्द रूढ केला. शब्द लांबलचक आहे, आशय साधा. पाहुण्याला भ्रमांत ठेवण्याचा हट्ट सोडा; यंत्र खरें नाहीं हें त्याला सांगा; आणि दोघांना सोईची अशी नवी बोली ठरवा. १९७० च्या दशकांतील डायग्नोज आज्ञेचीच ही पुनरावृत्ति होती, फक्त आतां ती चोरवाट न राहतां राजमार्ग झाली.

त्या राजमार्गाला खरी प्रतिष्ठा दिली ती इंग्लंडमधल्या केंब्रिजनें. तेथील विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंत इयन प्रॅट, कीर फ्रेझर, स्टीव्हन हँड आदि मंडळींनीं ‘झेन’ तयार केलें आणि २००३ च्या ऑक्टोबरांत त्याचा निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठीं लिनक्समध्यें किती फेरफार करावे लागले? २९९५ ओळी, त्या प्रोसेसरसाठीं असलेल्या मजकुराच्या १.३६ टक्के. आणि मोबदल्यांत काय मिळालें, तें टपालाच्या कोष्टकांत पाहावें. गिगाबिटच्या तारेवर, पूर्ण आकाराचीं पाकिटें पाठवितांना खऱ्या लिनक्सचा वेग सेकंदाला ८९७ मेगाबिट. झेनमधील लिनक्सचाही ८९७. व्हीएमवेअर वर्कस्टेशनचा २९१. पाकिटें स्वीकारतांना पहिले दोन पुन्हां ८९७, आणि वर्कस्टेशन ६१५. पाकिटांचा आकार पांचशें बाइटांवर आणला तेव्हां खरें लिनक्स ६०२, झेन ५१६, वर्कस्टेशन १०१. लहान पाकिटांचा घाट किती उभा असतो तें या शेवटच्या आंकड्यावरून ध्यानांत येतें.

हीं कोष्टकें वाचतांना मात्र थोडा विवेक ठेवावयास हवा, कारण पुष्कळांनीं तो ठेविला नाहीं. वर्कस्टेशन हें दुसऱ्या कार्यप्रणालीच्या मांडीवर बसून चालणारें साधन. झेन हें थेट यंत्रावर बसणारें. शिवाय व्हीएमवेअरसाठींही सोंगाच्या कार्डापेक्षां बरा असा खास ड्रायव्हर त्या काळीं उपलब्ध होता, आणि त्यानें बरीच सुधारणा होते असें झेनच्या कर्त्यांनींच नमूद केलें आहे. तेव्हां ८९७ आणि २९१ यांमधील अंतर सगळेंच सोंगाच्या खात्यावर टाकणें न्यायाचें नाहीं. व्हीएमवेअरचें थेट यंत्रावर चालणारें ईएसएक्स हें त्याहून सरस उत्पादन होतें. परंतु त्याच्या परवान्यांत तुलनेचे आंकडे प्रसिद्ध करण्यास मनाई असल्यामुळें तें कोष्टकांत आलेंच नाहीं. आपल्या मालाचें वजन कोणीं तोलूं नये असें म्हणणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या मनांत काय उत्पन्न करतो, हें त्या कंपनीच्या ध्यानांत यावयास हवें होतें.

झेनच्या मार्गांत एक धोंड होती. पाहुण्याला विश्वासांत घ्यावयाचें तर पाहुण्याच्या अंतरंगांत फेरफार करतां आला पाहिजे. लिनक्सचा मजकूर सर्वांस खुला, तेथें अडचण नव्हती. विंडोज एक्सपीचेंही रूपांतर चालू असल्याचें त्या निबंधांत म्हटलें होतें. परंतु तें लोकांच्या हातीं कधीं आलें नाहीं. दुसरी गोष्ट अशी, कीं विश्वासांत घेतलें म्हणजे सगळा खर्च संपतो हेंही खरें नव्हे. झेनच्या पुढील रचनेंत खरें कार्ड एका विशेष पाहुण्याच्या ताब्यांत देण्यात आलें, आणि बाकीच्यांचें टपाल त्याच्यामार्फत जाऊं लागलें. अरविंद मेनन, ॲलन कॉक्स आणि विली झ्वानेपोल यांनीं २००६ मध्यें या रचनेची डागडुजी करून पाहुण्यांचें टपाल पाठविण्याचा वेग ४.४ पट वाढविला. तरीही टपाल स्वीकारण्यांत पाहुणा खऱ्या लिनक्सच्या ६१ टक्के मागेंच राहिला. मध्यस्थ प्रामाणिक असला तरी मध्यस्थ तो मध्यस्थच. पत्र एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना वेळ हा जातोच.

असें असूनही झेनचा व्यवहारांत जयजयकार झाला. ॲमेझॉननें २००६ सालीं भाड्यानें संगणक देण्याचा जो धंदा उघडला, तो झेनच्या पायावर. त्या कंपनीचें मुंबईचें केंद्र २०१६ च्या जूनमध्यें सुरू झालें, आणि महाराष्ट्रांतील लहानसहान उद्योगांनाही महिन्याच्या भाड्यानें आभासी यंत्र शेजारच्या शहरांत मिळूं लागलें.

तोंवर प्रोसेसर बनविणाऱ्यांनाही जाग आली होती. इंटेलनें २००५ च्या अखेरीस आणि एएमडीनें २००६ मध्यें असे प्रोसेसर आणले, कीं त्यांत त्या सतरा खोडकर आज्ञांची अडचण राहिली नाहीं. आतां कोणत्याही प्रणालींत फेरफार न करतां ती आभासी यंत्रांत चालवितां येऊं लागली. गंमत अशी, कीं पहिल्या पिढीच्या या प्रोसेसरांपेक्षां जुनी भाषांतराची युक्तिच अनेक कामांत वेगवान ठरते, असें व्हीएमवेअरच्या ॲडम्स आणि एगेसन यांनीं २००६ मध्येंच दाखविलें. कारण घाट तसाच राहिला होता, फक्त सरकारी झाला होता. या नव्या प्रोसेसरांच्या आधारानें इस्रायलमधील कुम्रानेट कंपनीच्या अवी किविटी यांनीं केव्हीएम लिहिलें, आणि २००७ च्या फेब्रुवारींत तें लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तींत सामील झालें. केव्हीएमनें उपकरणांसाठीं बेलारच्या क्यूएमूचा आधार घेतला, म्हणजे सारे बहुरूपी आयतेच हातीं आले. आणि बहुरूप्यांबरोबर त्यांचा खर्चही.

यावरचा तोडगा ऑस्ट्रेलियांतील रस्टी रसेल यांनीं काढला. २००७ सालीं त्यांनीं ‘व्हर्टिओ’ ही रचना मांडली, आणि २००८ च्या जानेवारींत ती लिनक्समध्यें प्रविष्ट झाली. प्रत्येक यजमानाची पाहुण्याशीं बोलण्याची बोली निराळी असावी, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यानें त्या सगळ्या शिकाव्या, हें त्यांना पटत नव्हतें. सर्वांना एकच प्रमाणबोली असावी, असा त्यांचा आग्रह होता. तिची रचना शाळेंतल्या मुलालाही समजावी अशी आहे. पाहुणा आणि यजमान या दोघांनाही दिसेल अशा स्मृतीच्या भागांत एक फळा ठेवलेला असतो. पाठवावयाचीं पत्रें कोठें ठेविलीं आहेत त्याची यादी पाहुणा त्यावर मांडतो. काम झाल्यावर यजमान झालेल्या पत्रांची नोंद दुसऱ्या बाजूला करतो. यादी मांडून झाली कीं पाहुणा एकदांच घंटी वाजवितो. आणि यजमान आधींच कामांत गुंतलेला असेल तर ‘घंटी वाजवूं नकोस, मी पाहतोंच आहें’ अशी पाटी तो लावून ठेवतो, म्हणजे तीही खेप वांचते. वरच्याच हिशेबांत एका घंटीला बत्तीस पत्रें धरलीं तर सेकंदाला अडीच हजारांच्या आसपास खेपा होतात, आणि सत्त्याण्णव कोटींचा खर्च सुमारें एक कोटीवर येतो.

तरीही यजमानाच्या घरांत पत्रें क्यूएमूच्या खोलींतून फिरून जात असत. २०१० मध्यें लिनक्सच्या २.६.३४ या आवृत्तींत मायकेल त्सिर्किन यांचें व्हीहोस्ट-नेट आलें आणि तें काम थेट लिनक्सच्या गाभ्यांतच होऊं लागलें. एक जिना कमी झाला. व्हर्टिओची बोली पुढें ओएसिस या संस्थेनें प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि तिच्यावरची कोणा एका कंपनीची वा एका यजमानाची मालकी राहिली नाहीं.

येथें कोणासही वाटेल, कीं सोंग हरलें आणि खरेपणा जिंकला. गोष्ट इतकी सरळ नाहीं, आणि हा भाग अभ्यासकांनीं विशेष लक्षांत घ्यावयाजोगा आहे. इटलींतील पीसा विद्यापीठाच्या लुइजी रित्सो, जुझेप्पे लेत्तिएरी आणि विन्चेन्सो माफ्फिओने यांनीं २०१३ मध्यें ई१००० या सोंगाच्या कार्डावरच प्रयोग केले. घंट्या वारंवार न वाजवितां थोड्या दमानें वाजविल्या, पत्रें एकत्र करून पाठविलीं, ड्रायव्हरांत अगदीं जुजबी फेरफार केले, तों तेंच सोंग व्हर्टिओच्या पंक्तीला बसण्याइतकें वेगवान झालें. म्हणजे पाहुण्याला खरें सांगितलें कीं नाहीं, हा मुळांत वेगाचा प्रश्नच नव्हता. घाट किती वेळां चढावा लागतो, एवढाच प्रश्न होता. खरें सांगितल्यानें तो कमी वेळां चढण्याची सोय करणें सोपें जाई, इतकेंच. व्हीएमवेअरच्या तिघांनीं २००१ मध्यें पत्रें साठवून पाठविलीं तेव्हां त्यांच्या हातीं हेंच सूत्र लागलें होतें.

वेगापेक्षां मोठी किंमत सोंगाला दुसऱ्याच ठिकाणीं द्यावी लागली. २०१५ च्या मे महिन्यांत जेसन गेफ्नर या संशोधकानें क्यूएमूमधील एक दोष उघडकीस आणला. तो ‘व्हेनम’ या नांवानें गाजला. दोष होता फ्लॉपी तबकडीच्या उपकरणाच्या सोंगांत. फ्लॉपी २०१५ सालीं कोण वापरीत होतें? पण खरा संगणक म्हटला कीं त्याला फ्लॉपी असावयाची, म्हणून सोंगांतही ती होती, आणि तो दोष २००४ पासून तेथें निजून राहिला होता. त्याच्या आधारें एखादा दुष्ट पाहुणा आपली खोली फोडून यजमानाच्या घरांत शिरूं शकला असता, आणि तेथून शेजारच्या प्रत्येक पाहुण्याच्या दप्तरापर्यंत. रोडपालीच्या बिऱ्हाडांतून भरलेलें बिल, मुलाचा निकाल, मुलीशीं झालेलें बोलणें, हीं ज्या भिंतींच्या आड ठेवलेलीं असतात त्या भिंती म्हणजे हाच यजमानाचा मजकूर. दोष वेळेवर दुरुस्त झाला. परंतु बहुरूप्याच्या पेटींत जितके पोशाख अधिक तितक्या चोरट्याला लपावयाच्या जागा अधिक, हा धडा त्यावरून घेतला गेला, आणि कित्येक नव्या यजमानांनीं फ्लॉपीसारखीं जुनीं सोंगें मुळींच न ठेवतां केवळ व्हर्टिओचीं मोजकीं उपकरणें ठेवण्याचा निर्णय केला. ॲमेझॉननें २०१८ मध्यें प्रसिद्ध केलेलें फायरक्रॅकर हें त्यांतलेंच.

दुसऱ्या टोकाला अशीही मंडळी आहेत, कीं ज्यांना मध्यस्थच नको आहे. खरें कार्डच असें घडवावें कीं त्याचे अनेक तुकडे व्हावेत आणि प्रत्येक पाहुण्याच्या हातीं एकेक खरा तुकडा द्यावा, अशी ही रीत आहे. ॲमेझॉननें २०१३ पासून ती भाडेकरूंना देऊं केली. तींत वेग उत्तम मिळतो. पण पाहुणा खऱ्या धातूला बांधला जातो, आणि त्याला चालतां चालतां एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवणें अवघड होतें. व्हर्टिओवाला पाहुणा ट्रंक उचलून कोठेंही जाऊं शकतो.

आज एखाद्या कार्यालयांत नव्यानें आभासी यंत्र उभें करावयाचें झालें, आणि त्यांत विंडोज चढवावयाचें असलें, तर बहुधा असें घडतें. विंडोजच्या पेटींत व्हर्टिओचा ड्रायव्हर नसतो. म्हणून कारागीर प्रथम ई१००० चें सोंग पुढें करतो. विंडोज तें कार्ड जुन्या ओळखीनें ताबडतोब ओळखतें आणि तारेवर बोलूं लागतें. मग त्याच तारेवरून व्हर्टिओचा ड्रायव्हर उतरवून घेतला जातो, यंत्र बंद केलें जातें, सोंगाचें कार्ड काढून व्हर्टिओचें बसविलें जातें, आणि यंत्र पुन्हां सुरू होतें. त्या सोंगाच्या कार्डावर वेग एक गिगाबिट म्हणून लिहिलेला असतो, परंतु त्या आंकड्याला कांहीं अर्थ नसतो. यजमानाचा प्रोसेसर जेवढें धावेल तेवढें तें धावतें. ज्या इंटेल ८२५४० कार्डाचें तें सोंग आहे, तें कार्ड नव्या संगणकांतून केव्हांच नाहींसें झालें.